सोनखताचे तत्त्वज्ञ : अप्पासाहेब पटवर्धन

कोकणचे गांधी म्हणून महाराष्ट्र ज्यांना ओळखतो, ते सीताराम पुरुषोत्तम तथा अप्पासाहेब पटवर्धन यांचे नाव बहुधा स्वातंत्र्यलढ्याच्या किंवा अस्पृश्यतानिवारणाच्या इतिहासात घेतले जाते. तो मान त्यांना साजेसाच आहे. परंतु त्यांच्या जीवनकार्याचा एक मोठा भाग संडास, शेण, मेलेले जनावर, पालापाचोळा आणि या साऱ्यांपासून मिळणारे खत व ज्वलनवायू यांनी व्यापलेला होता, हे आज फारसे कोणाच्या स्मरणात नाही. तत्त्वज्ञानाचा एम. ए. झालेला विद्वान आयुष्यभर घाणीच्या प्रश्नापाशी का थांबला, याचे उत्तर शोधू गेले की अप्पासाहेबांचे खरे मोठेपण ध्यानात येते.

अप्पासाहेबांचा जन्म ४ नोव्हेंबर १८९४ रोजी रत्नागिरी जिल्ह्यात आगरगुळे येथे झाला. त्यांचे बालपण कोकणातील ब्राह्मण कुटुंबाच्या परंपरागत वातावरणात गेले. बुद्धी कुशाग्र होती. मुंबई विद्यापीठाची तत्त्वज्ञान विषयातील एम. ए. पदवी त्यांनी संपादन केली. त्या काळी एम. ए. झालेल्या तरुणापुढे प्राध्यापकी, वकिली किंवा सरकारी नोकरी असे प्रतिष्ठेचे मार्ग सहज खुले असत. अप्पासाहेबांनीही काही काळ पुण्यात अध्यापन केले. परंतु महात्मा गांधींच्या विचारांचा परिचय झाल्यावर त्यांचे मन त्या सुखवस्तू जीवनात रमेना. ते साबरमतीच्या सत्याग्रहाश्रमात जाऊन राहिले आणि पुढे रत्नागिरी जिल्हा हेच आपले कार्यक्षेत्र मानून कोकणात परतले. गांधीजींच्या आत्मकथेचा मराठी अनुवाद त्यांनीच केला. ‘सत्याचे प्रयोग अथवा आत्मकथा’ हे पुस्तक मराठी घरांत पोहोचले ते त्यांच्या साध्या, नितळ भाषेतून.

साबरमतीच्या आश्रमात एक नियम होता. आश्रमवासीयांनी आपले संडास स्वतः साफ करायचे. पाहुणा असो वा विद्वान, या कामातून कोणाचीही सुटका नसे. अनेकांना तो नियम कठोर वाटे. अप्पासाहेबांना मात्र त्यात हिंदू समाजाच्या एका जुन्या दुखण्याचे मूळ दिसले. घाण करणारा शुद्ध आणि ती उचलणारा अशुद्ध, हा उफराटा न्याय जोवर टिकून आहे, तोवर अस्पृश्यतेवर कितीही व्याख्याने दिली तरी ती व्यर्थ, अशी त्यांची धारणा झाली.

या धारणेची कसोटी तुरुंगात लागली. सविनय कायदेभंगाच्या चळवळीत अप्पासाहेबांनी कारावास पत्करला आणि १९३२ च्या अखेरीस ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तेथे संडाससफाईचे काम विशिष्ट जातीच्या कैद्यांकडूनच करवून घेतले जाई. ते काम आपल्याला मिळावे, अशी मागणी अप्पासाहेबांनी केली. सवर्ण कैद्याला असे काम देण्याची पद्धत नाही, या सबबीवर अधिकाऱ्यांनी ती नाकारली. अप्पासाहेबांनी अन्न कमी करून सत्याग्रह आरंभला. ही वार्ता येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या गांधीजींपर्यंत पोहोचली आणि त्यांनी सहानुभूतीदाखल ३ डिसेंबर १९३२ रोजी उपोषण सुरू केले. सरकारने फेरविचाराचे आश्वासन दिल्यावर दुसऱ्या दिवशी ते सुटले. तुरुंगात चांगले अन्न, पुस्तके वा भेटी मिळाव्यात म्हणून झालेले सत्याग्रह पुष्कळ आहेत. मैला साफ करण्याचा अधिकार मिळावा म्हणून झालेला हा सत्याग्रह मात्र विरळाच म्हटला पाहिजे.

यापुढची पायरी अधिक अवघड होती आणि अप्पासाहेबांचे वेगळेपण येथेच दिसते. एका सवर्णाने हाती झाडू घेतला, तर उदाहरण घालून दिले जाते, मने हलतात. पण गावोगावचे टोपलीचे संडास तसेच राहतात आणि डोक्यावरून मैला वाहणारी बाईही तशीच राहते. प्रायश्चित्ताने अंतःकरण शुद्ध होईल, तिच्या डोक्यावरची पाटी मात्र उतरणार नाही. ती उतरवायची तर मैला हाताळण्याची गरजच उरू नये, अशी व्यवस्था हवी. म्हणून हा तत्त्वज्ञ विटा, चुना, खड्डे, झाकणे आणि नळ्या यांच्या विचारात शिरला.

कोकणची शेती त्यांनी जवळून पाहिली होती. जांभ्या दगडाची ही भूमी पावसाळ्यात तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलते आणि त्या पाण्याबरोबर मातीचा कस समुद्राकडे वाहून जातो. अशा जमिनीला खताची गरज सर्वाधिक. पण शेण वाळवून चुलीत जाळायचे, आणि भात-नाचणीच्या रोपांसाठी राब भाजताना शेणी, कवळ, पाला यांचीही राख करायची, ही येथील रीत होती. मनुष्याचा मैला तर कोठेतरी उघड्यावर पडून रोगराईला आमंत्रण देई. मेलेल्या जनावराचे कातडे, हाडे व मांस यांचीही तीच गत. गरीब शेतकऱ्याचे धन असे तिहेरी वाया जात होते. मराठीत मैल्याच्या खताला सोनखत हा सुंदर शब्द पूर्वापार आहे. अप्पासाहेबांनी तो शब्द अक्षरशः खरा मानला.

स्वातंत्र्यानंतर, ५ मे १९४८ रोजी, कणकवलीजवळ वागदे येथे गड नदीच्या परिसरात त्यांनी गोपुरी आश्रमाची स्थापना केली. आज हा भाग सिंधुदुर्ग जिल्ह्यात मोडतो. प्रार्थना व सूतकताई यांच्या जोडीला गोपालन, मृत जनावरांची व्यवस्था, चर्मोद्योग, खतनिर्मिती आणि संडासांचे प्रयोग ही या आश्रमाची मुख्य अंगे होती. मेलेले जनावर ओढून नेणे व सोलणे हे काम समाजाने ज्यांच्या माथी मारले होते, त्यांच्या बरोबरीने अप्पासाहेब ते काम स्वतः करीत. त्यांच्या जातीतील अनेकांनी नाके मुरडली. अप्पासाहेबांनी कोणाशी वाद घातला नाही की काम थांबवले नाही.

त्यांच्या प्रयोगांतून पुढे आलेला गोपुरी संडास हा दिसायला साधा असला तरी विचाराने पक्का होता. त्याची मूळ कल्पना दोन खणांची. एक खण वापरात असताना प्रत्येक वेळी मैल्यावर माती, राख किंवा सुका पाला टाकायचा. तो खण भरला की बंद करून दुसरा वापरायचा. काही महिन्यांनी पहिल्या खणातील मैल्याचे मातीसारखे, वास नसलेले खत झालेले असते. ते उचलताना कोणालाही किळस येण्याचे कारण उरत नाही. ताजा मैला उचलण्याचा प्रसंगच येत नसल्याने ते काम करणारी वेगळी जात बाळगण्याचेही कारण राहत नाही. समाजसुधारणेचा एक सिद्धांत अशा रीतीने चार भिंतींच्या बांधकामात उतरला होता.

या संडासापाठोपाठ आले गॅसचे संयंत्र. हवा नसलेल्या जागी सेंद्रिय पदार्थ कुजले की त्यातून पेटणारा वायू निघतो, हे शास्त्रज्ञांना ठाऊक होतेच. इटलीतील आलेस्सांद्रो व्होल्टा यांनी १७७६ मध्ये सरोवराच्या तळाशी साचलेल्या गाळातून असा वायू गोळा केला होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात सांडपाण्याच्या वायूचा उपयोग करून पाहण्यात आला. १९३९ मध्ये दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत, म्हणजेच पुसा संस्थेत, एस. व्ही. देसाई यांनी शेणापासून वायू मिळवण्याचे प्रयोग केले. १९५१ च्या सुमारास जशभाई पटेल यांनी तरंगत्या टोपीचे ग्रामलक्ष्मी संयंत्र बनवले आणि पुढे खादी व ग्रामोद्योग आयोगाने त्याचा देशभर प्रसार केला. अप्पासाहेबांनी या ज्ञानाचा आपल्या प्रश्नाशी सांधा जुळवला. संडास व गोठा एकाच पाचक टाकीला जोडले, तर मैला कोणाच्या नजरेसही न पडता परस्पर टाकीत जाईल, स्वयंपाकाला इंधन मिळेल आणि शेताला खत मिळेल, हा तो सांधा होता. गोपुरीत त्यांनी या दिशेने प्रत्यक्ष काम केले आणि महाराष्ट्रातील गांधीविचाराच्या संस्थांनी संडासजोड गॅस-संयंत्रांचा पुढे प्रसार केला.

या टाकीत काय घडते, हे समजून घेण्यासारखे आहे. टाकीत हवा शिरत नाही. आत असंख्य सूक्ष्म जीवाणू पाळीपाळीने काम करतात. काही जीवाणू शेण, मैला, पाला यांतील पिष्ट, प्रथिने, स्निग्ध पदार्थ आणि तंतू यांचे लहान घटकांत विघटन करतात. दुसरे त्या घटकांपासून आम्ले तयार करतात. अखेरीस मिथेन निर्माण करणारे सूक्ष्म जीव त्या आम्लांपासून वायू बनवतात. निघणाऱ्या वायूत साधारण ५५ ते ६५ टक्के मिथेन असतो आणि उरलेला बहुतांश भाग कर्बवायूचा असतो. हे शेवटचे जीव फार नाजूक. टाकीतील आम्लता वाढली, थंडी पडली किंवा एकदम नवा माल लोटला की ते मंदावतात. सुमारे ३५ अंश सेल्सिअसची ऊब त्यांना मानवते. कोकणचे उष्ण व दमट हवामान म्हणूनच या कामास अनुकूल आहे.

निरनिराळे पदार्थ एकत्र करण्यामागेही शास्त्र आहे. जीवाणूंना कर्ब व नत्र ही दोन्ही लागतात आणि नत्राच्या वीस ते तीस पट कर्ब असला की त्यांचे काम उत्तम चालते. मनुष्याच्या मैल्यात नत्र फार आणि कर्ब कमी. भाताच्या पेंढ्यात कर्ब भरपूर, नत्र मात्र नाममात्र. गाईचे शेण या दोहोंच्या मधोमध बसते, शिवाय वायू बनवणारे जीवाणू त्यात मुळातच असतात. एकटा पेंढा टाकीत कुजता कुजत नाही, एकटा मैला टाकला तर अमोनियाने जीवाणू गुदमरतात. पण शेणाच्या संगतीने सारे पदार्थ एकमेकांची उणीव भरून काढतात. एक किलो ताज्या शेणापासून सुमारे ४० लिटर वायू मिळतो. चार-पाच जनावरांच्या शेणातून रोज दोन घनमीटरच्या आसपास वायू मिळून एका कुटुंबाचा स्वयंपाक होतो. एका माणसाच्या मैल्यापासून मिळणारा वायू दिवसाला जेमतेम २५-३० लिटर. म्हणजे नुसत्या संडासाच्या जोरावर घराची चूल पेटणार नाही; त्याला गोठ्याची साथ हवीच. टाकीतून बाहेर येणाऱ्या मळीत नत्र, स्फुरद व पालाश टिकून राहतात. शेणी जाळताना जे धन धुरावाटे जाते, ते येथे शेतात परत येते.

खरी अडचण टाकीबाहेर होती. शेण पवित्र आणि मैला अपवित्र, ही समजूत जीवाणूंना नसली तरी माणसांना होती. शेणाच्या गॅसवर शिजलेला भात खाण्यास लोक हळूहळू तयार झाले. त्याच टाकीला संडास जोडायचा म्हटले की घरातील वडीलधारी मंडळी आडवी येत. निळ्या ज्योतीत मैल्याचा अंशही नसतो आणि वायूचा एक कण दुसऱ्याहून शुद्ध वा अशुद्ध नसतो, हे बुद्धीला पटले तरी जिभेला पटत नसे. रत्नागिरीच्या तुरुंगात अधिकाऱ्यांनी जे कारण पुढे केले होते, तेच आता स्वयंपाकघरात पुढे येत होते. अस्पृश्यतेचे मूळ किती खोल गेलेले आहे, याचा पुरावा या छोट्याशा नळीने दिला. अप्पासाहेबांना याचे आश्चर्य वाटले नसावे. पटवून देण्याचा त्यांचा मार्ग एकच होता. जे सांगायचे, ते आधी आश्रमात करून दाखवायचे आणि येणाऱ्याला डोळ्यांनी पाहू द्यायचे.

शासनाच्या पातळीवरही हा प्रश्न त्या काळात चर्चेत होता. मुंबई सरकारने १९४९ मध्ये नेमलेल्या बर्वे समितीने सफाई कामगारांच्या स्थितीचा अभ्यास केला, आणि केंद्राच्या मलकानी समितीचा अहवाल १९६० मध्ये आला. मैला डोक्यावरून वाहण्याची प्रथा बंद करावी, असे अहवाल सांगत होते. त्यासाठी काय बांधावे, याचे एक स्वस्त व खेड्यात जमण्याजोगे उत्तर गोपुरीत उभे होते. तरीही देशाला या प्रथेवर बंदी घालणारा पहिला केंद्रीय कायदा करण्यास १९९३ साल उजाडावे लागले. अधिक कठोर कायदा २०१३ मध्ये आला. गटारात उतरून गुदमरून मरण पावणाऱ्या कामगारांच्या बातम्या आजही थांबलेल्या नाहीत.

अप्पासाहेबांनी ‘माझी जीवनयात्रा’ हे आत्मचरित्र लिहिले. सर्वोदय व भूदानाच्या कार्यातही ते सहभागी झाले. राहणी अखेरपर्यंत अत्यंत साधी होती. १० मार्च १९७१ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या हयातीत संडासजोड गॅस-संयंत्रे घरोघरी झाली नाहीत, हे मान्य केले पाहिजे. खर्च, देखभालीचा कंटाळा, जनावरांची घटती संख्या आणि वर सांगितलेली मनाची अढी ही त्याची कारणे. त्यानंतर दोनच वर्षांनी जगात खनिज तेलाचे संकट आले, गोबरगॅसकडे सरकारचे लक्ष वळले आणि १९८१-८२ पासून राष्ट्रीय स्तरावर त्याचा कार्यक्रम सुरू झाला.

त्यांचा वारसा मात्र खंडित झाला नाही. पुणे जिल्ह्यातील देहू येथे आरोग्य केंद्रावर रुजू झालेले तरुण वैद्य डॉ. सुहास मापुसकर अप्पासाहेबांच्या सहवासात आले. संडासाचा प्रश्न हाच आरोग्याचा मूळ प्रश्न आहे, हे ओळखून त्यांनी देहूत आयुष्यभर काम केले. मैल्यापासून वायू देणारे संयंत्र त्यांच्या प्रयत्नांनी ‘मलप्रभा’ या नावाने प्रसिद्ध झाले. मल म्हणजे मैला आणि प्रभा म्हणजे प्रकाश. आपल्या संस्थेला त्यांनी अप्पा पटवर्धनांचेच नाव दिले. डॉ. मापुसकरांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री प्रदान करण्यात आली, तेव्हा गोपुरीच्या त्या जुन्या प्रयोगांचाही अप्रत्यक्ष गौरव झाला.

फरीदाबादेत वाढलेल्या मराठी मुलांना कणकवली दूरची वाटेल, पण अप्पासाहेबांचा प्रश्न त्यांच्या अगदी उंबरठ्यावर उभा आहे. फरीदाबाद व गुरुग्राम या दोन शहरांचा कचरा अरवलीच्या कुशीत बंधवाडी येथे वर्षानुवर्षे टाकला गेला आणि तेथे कचऱ्याचा डोंगर झाला. भाजीची देठे, उरलेले अन्न, प्लास्टिक, काच सारे एकत्र. त्या डोंगराच्या पोटातही तेच जीवाणू तेच काम करतात आणि तोच मिथेन तयार होतो. फरक इतकाच की तेथे त्याला नळी नाही. तो हवेत जातो आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने कर्बवायूच्या सुमारे अठ्ठावीस पट उष्णता धरून ठेवतो, किंवा पेट घेऊन धुराने आसमंत भरून टाकतो. याच फरीदाबादेत इंडियन ऑइलच्या संशोधन केंद्रात स्वयंपाकघरातील कचरा, शेण व अन्य सेंद्रिय पदार्थांपासून अधिक वायू कसा मिळवावा यावर संशोधन चालते. केंद्र सरकारची गोबरधन योजनाही २०१८ पासून याच दिशेने चालू आहे. म्हणजे रोग आणि औषध एकाच शहराच्या परिसरात नांदत आहेत.

दोहोंच्या मध्ये उभे आहे ते प्रत्येकाचे घर. ओला कचरा व सुका कचरा घरातच वेगळा झाला, तर टाकीला खाद्य मिळते. प्लास्टिक मिसळले की टाकी तुंबते आणि कोणा सफाई कामगाराला हात घालून ते निवडावे लागते. तो हात कोणाचा, हा अप्पासाहेबांनी १९३२ मध्ये विचारलेला प्रश्न आजही तेवढाच जिवंत आहे. केळीची साल कोणत्या डब्यात टाकावी, एवढ्या छोट्या कृतीत कोणा अनोळखी माणसाची प्रतिष्ठा गुंतलेली असते.

शाळा मुलांना भाषा, गणित, विज्ञान शिकवते. या चरित्रातून विज्ञान आणि नीती यांना वेगळे करता येत नाही, हा धडा मिळतो. अप्पासाहेबांनी तत्त्वज्ञान शिकून ते पुस्तकात ठेवले नाही, आणि यंत्र बांधताना ते कोणासाठी बांधत आहोत हेही ते विसरले नाहीत. डब्यातील उरलेली पोळी टाकताना आणि शाळेचे स्वच्छतागृह वापरताना एखाद्या विद्यार्थ्याला आपल्यामागून ते साफ करणाऱ्या माणसाची आठवण झाली, आणि पालकांनी घरी तीच सवय जपली, तर कोकणातल्या त्या सोनखताच्या तत्त्वज्ञाला याहून मोठी आदरांजली दुसरी नसेल.